शालेय साहित्य व मद्य यांवरील शासकीय करधोरण : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : जळगाव व धुळे जिल्हे)

प्रस्तावना

शासन कोणत्या वस्तूवर कर लावते आणि कोणत्या वस्तूस करातून सूट देते, यावरून त्या शासनाचा कल ओळखता येतो, असे सामान्यतः मानले जाते. २०२५ या वर्षात असे दोन निर्णय झाले. १० जून २०२५ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठ्या वाढीस मान्यता दिली. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून वही, पेन्सिल, खोडरबर, नकाशे यांवरील वस्तू व सेवा कर शून्यावर आला. हे दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता शिक्षण स्वस्त झाले व दारू महाग झाली, असे समाधान देणारे चित्र उभे राहते. वृत्तपत्रांतून आणि प्राध्यापक कक्षांतील चर्चेतूनही हे चित्र बऱ्याच अंशी तसेच स्वीकारले गेले.

प्रस्तुत लेखात या चित्राची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. हे दोन निर्णय एका धोरणाच्या दोन बाजू नाहीत, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. ते दोन वेगळ्या सत्तास्थानांनी वेगळ्या हेतूंनी घेतलेले निर्णय आहेत. त्यांतील पहिल्याने राज्याचे मद्यावरील आर्थिक अवलंबित्व वाढविले आणि दुसऱ्याने शाळकरी मुलाच्या पालकास अत्यल्प दिलासा दिला. खान्देशातील शेतमजुराच्या घरात हे दोन्ही कर एकाच मजुरीतून भरले जातात. म्हणून त्यांचे मूल्यमापन करताना दरांच्या तक्त्याबरोबर त्या घराचा हिशेबही पाहणे आवश्यक ठरते.

लेखातील करांचे दर शासनाने जाहीर केलेले आहेत. कौटुंबिक खर्चाचा हिशेब मात्र उदाहरणादाखल मांडला असून त्यास सर्वेक्षणाचा निष्कर्ष समजू नये.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शाळा आणि दारूचे दुकान यांचा सरकारी तिजोरीच्या मार्गाने आलेला संबंध महाराष्ट्रात नवा नाही. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारी मक्तेदारी घट्ट केली. मोहाच्या फुलांपासून घरगुती दारू गाळणारा आदिवासी त्यामुळे गुन्हेगार ठरला आणि ठेकेदाराच्या दुकानाचा गिऱ्हाईक बनला. शिक्षणाचा खर्च दुसरीकडून येत होता. जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई व त्याचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी असे. शेतकऱ्याच्या घामातून जमा होणारा पैसा वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, ही महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेली तक्रार सर्वपरिचित आहे. त्यापूर्वी दोन वर्षे, १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य या नात्याने त्यांनी शहरातील वाढत्या दारू दुकानांविरुद्ध लेखी निषेध नोंदविला होता, याची मात्र तितकी चर्चा होत नाही. महसूल कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा एकच प्रश्न फुले दोन्ही ठिकाणी विचारत होते.

१९१९ च्या सुधारणांनंतर या संबंधास घटनात्मक रूप मिळाले. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविण्यात आली. लष्कर व रेल्वे केंद्राकडे राहिले, तर जमीन महसुलाचे खाते प्रांतात गव्हर्नरांच्या राखीव वर्गात राहिले. परिणामी शाळा काढावयाची तर अबकारीच्या उत्पन्नाकडे पाहावे लागे आणि दारूबंदी करावयाची तर शाळेचा खर्च कोठून भागवावा, हा प्रश्न उभा राही.

डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खान्देश जिल्ह्यातील फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन होय. पुढच्याच वर्षी प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि हा पेच प्रत्यक्ष राज्यकारभारात सोडविण्याची वेळ आली. मुलांच्या शिक्षणासाठी दारूच्या उत्पन्नावर विसंबावे लागणे ही नव्या सुधारणांतील क्रूर विसंगती आहे, अशा आशयाची टीका गांधीजींनी १९३७ मध्ये केली. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत त्यांनी मांडलेली स्वावलंबी शिक्षणाची कल्पना याच टीकेच्या जोडीने वाचावी लागते. हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, हा त्यांचा आग्रह शैक्षणिक होता, तसाच तो आर्थिकही होता. शाळा दारूच्या पैशावर चालू नये, हे त्यामागील एक कारण होते.

याच दशकात पश्चिम खान्देशातील तळोदा परिसरात गुलाम महाराजांच्या प्रेरणेने हजारो भिल्लांनी मद्यत्याग केला. या चळवळीस कोणत्याही कराचा वा कायद्याचा आधार नव्हता. खान्देशच्या संदर्भात ही बाब महत्त्वाची आहे. मद्यपान कमी करण्याची ताकद लोकसमूहाच्या निश्चयात असते आणि सरकारचे काम त्या निश्चयाच्या आड न येण्याचे असते, असा बोध त्यातून घेता येतो.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरी स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसविण्यात आला. मद्रास प्रांतात राजगोपालाचारी यांनी त्याच हेतूने १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला. भारतातील सर्वसाधारण विक्रीकराचा एक उगम दारूबंदीत आहे, ही गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. मद्याचे उत्पन्न सोडावयाचे म्हणून प्रत्येक खरेदीवर थोडा थोडा कर नागरिकांनी सोसावा, अशी ती नैतिक देवाणघेवाण होती.

पुढे मुंबई राज्यात १९४६ मध्ये विक्रीकराचा कायदा आला व १९४९ मध्ये दारूबंदी कायदा झाला. १९६० च्या दशकापासून परवान्यांच्या मार्गाने ही बंदी सैल होत गेली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या परवानाधारक विक्रीची घडी बसली. दारूबंदी ओसरली, परंतु तिच्या मोबदल्यात स्वीकारलेल्या कराचे तत्त्व टिकले. विक्रीकराचे रूपांतर २००५ मध्ये मूल्यवर्धित करात आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात झाले. देवाणघेवाणीतील एक बाजू शासनाने मागे घेतली, दुसरी मात्र नागरिकाकडून वसूल होत राहिली. आजच्या करधोरणाची चिकित्सा येथून सुरू होणे योग्य ठरेल.

घटनात्मक विभागणी

भारतीय संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुच्छेद ४५ बालकांच्या शिक्षणाविषयी आणि अनुच्छेद ४७ मादक पेयांच्या प्रतिबंधाविषयी आहे. संविधानाच्या एकाच भागात, जवळजवळ शेजारी असलेली ही दोन उद्दिष्टे करव्यवस्थेत मात्र परस्परांपासून दूर गेली आहेत.

२०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या व्याख्येतूनच वगळले. मद्यावर उत्पादन शुल्क व विक्रीकर लावण्याचा अधिकार राज्यांकडे राहिला. वहीवरील कराचा दर मात्र वस्तू व सेवा कर परिषदेत ठरतो. या परिषदेत केंद्राच्या मताचे मूल्य एक तृतीयांश आहे, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आहे आणि निर्णयासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते. याचा अर्थ असा की, शालेय साहित्यावरील कर कमी करावा असे महाराष्ट्र विधिमंडळास एकमताने वाटले तरी ते एकट्याच्या बळावर तसे करू शकत नाही. मद्याविषयी मात्र मंत्रिमंडळाची एक बैठक पुरेशी ठरते.

२०१७ नंतर राज्याच्या हाती स्वतः दर ठरविता येतील असे मोठे करस्रोत मोजकेच उरले. इंधनावरील कर, मुद्रांक व नोंदणी शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि मद्य हे त्यांतील प्रमुख होत. इंधनाचा दर वाढविल्यास शेतकरी, वाहतूकदार व मध्यमवर्ग एकाच वेळी नाराज होतात. मद्याचा कर वाढविल्यास उघड विरोध करण्यास फारसे कोणी पुढे येत नाही, उलट नैतिक समर्थनही मिळते. अशा रीतीने वस्तू व सेवा कराच्या रचनेनेच राज्यांना मद्याच्या दिशेने ढकलले आहे. औद्योगिक मद्यार्काचाही समावेश 'मादक मद्य' या संज्ञेत होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये बहुमताने दिला. राज्यांचे अधिकारक्षेत्र त्यामुळे आणखी विस्तारले आहे. येथे कोणत्याही एका पक्षास वा मंत्र्यास दोष देण्याचा हेतू नाही. दोष रचनेचा आहे आणि तो सर्वपक्षीय सरकारांच्या काळात सारखाच दिसून येतो.

शालेय साहित्यावरील कर : सवलतीचे स्वरूप

१ जुलै २०१७ रोजी नवी करव्यवस्था आली तेव्हा छापील पुस्तके करमुक्त होती, परंतु वही, पेन्सिल व कंपासपेटीवर १२ टक्के कर होता. शाळेच्या दप्तरासाठी प्रथम २८ टक्के दर सुचविण्यात आला होता, तो अंमलबजावणीपूर्वीच १८ टक्क्यांवर आणला गेला. जुलै २०२२ मध्ये पेन्सिलच्या शार्पनरवरील कर १२ वरून १८ टक्के झाला. तोपर्यंत करमुक्त असलेल्या नकाशांवर १२ टक्के कर लागला. शार्पनरवरील वाढ फेब्रुवारी २०२३ मध्ये मागे घेण्यात आली. एका क्षुल्लक वस्तूचा दर सात महिन्यांत वर जाऊन खाली यावा, यातून शालेय साहित्य हा गट म्हणून शासनाच्या विचारात नव्हता, असेच म्हणावे लागते. दर ठरताना वस्तूचे वर्गीकरण पाहिले गेले, वापरणारा पाहिला गेला नाही.

या अनास्थेचे आणखी एक उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये परिषदेने उसाच्या मळीवरील कर २८ टक्क्यांवरून एकदम ५ टक्क्यांवर आणला. कारखान्यांकडे पैसा खेळावा, ऊस उत्पादकांची देणी लवकर फिटावीत व पशुखाद्य स्वस्त व्हावे, ही त्यामागील कारणे समर्थनीय होती. तथापि मळी हा मद्यार्काचाही प्रमुख कच्चा माल आहे. तिच्यावर ५ टक्के कर आणि चौथीच्या मुलाच्या वहीवर १२ टक्के कर, अशी स्थिती त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे होती. मळीमागे संघटित हितसंबंध उभे होते, वहीमागे तसे कोणी नव्हते.

सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने ही विसंगती बरीच दूर झाली, हे मान्य केले पाहिजे. वही, पेन्सिल, शार्पनर, रंगीत खडू, खोडरबर व नकाशे शून्य दरात आले आणि कंपासपेटी ५ टक्क्यांत आली. अडीच हजार रुपयांपर्यंतचे कपडे व पादत्राणे ५ टक्क्यांत असल्याने गणवेश व बूट यांवरील भारही मर्यादित राहिला. पेन व दप्तर मात्र १८ टक्क्यांतच राहिले. पेन्सिल करमुक्त आणि पेन १८ टक्क्यांत, याचा अर्थ मूल पाचवी-सहावीत गेले की ते करदाते होते, असा घ्यावा काय ?

शून्य दराच्या लाभासही मर्यादा आहेत. वही करमुक्त झाल्याने तिच्या उत्पादकास शाई, पुठ्ठा, डिंक, यंत्रे व इतर सेवांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर किमतीत मिसळून ग्राहकापर्यंत पोहोचतो. वहीसाठी लागणारा कागद करमुक्त केला, परंतु त्याच प्रकारचा कागद इतर वापरासाठी १८ टक्क्यांत गेला. त्यामुळे कागदाचा अंतिम वापर सिद्ध करण्याचा बोजा छोट्या उत्पादकावर पडला. शिवाय साक्री वा यावल तालुक्यातील खेड्यात वह्या विकणारा किराणा दुकानदार बहुधा नोंदणीच्या मर्यादेखालील असतो. तो पावतीवर कर दाखवीतच नव्हता. जो कर पूर्वी दिसत नव्हता, तो कमी झाल्याचेही पालकास दिसत नाही. दरकपातीचा किती भाग वहीच्या किमतीत उतरेल, हे घाऊक व्यापाऱ्याच्या इच्छेवर सोपविले गेले आहे.

करसवलतीस पर्याय म्हणजे प्रत्यक्ष साहित्य देणे. त्याबाबतही राज्याचे धोरण स्थिर नाही. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडण्यात आली. दप्तराचे ओझे कमी व्हावे व गरीब मुलास वही मिळावी, असा उद्देश होता. जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय रद्द झाला. प्रयोग अपुरा होता हे खरे, परंतु तो मागे घेताना गरीब मुलाच्या वहीची दुसरी कोणती सोय केली, याचे उत्तर मिळत नाही. दुर्बल घटकांतील मुलींसाठी १९९२ मध्ये सुरू झालेला रोज एक रुपया उपस्थिती भत्ता तीन दशके एक रुपयाच राहिला. या काळात मद्यावरील शुल्काचे दर अनेकदा सुधारले गेले.

मद्यावरील कर : दोन हेतूंचा संघर्ष

मद्यावरील कर दोन हेतूंनी लावता येतो. पहिला हेतू मद्यपान कमी करणे हा आणि दुसरा उत्पन्न मिळविणे हा होय. पहिला हेतू पूर्णतः सफल झाला तर दुसरा विफल होतो. म्हणून शासनाने कोणता हेतू प्रधान आहे हे सांगणे आवश्यक असते. जून २०२५ च्या निर्णयाची रचना पाहिली असता या प्रश्नाचे उत्तर मिळते.

भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पट करण्यात आले, म्हणजे त्यात निम्म्याने वाढ झाली. देशी दारूवरील शुल्क प्रति प्रूफ लिटर १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले. ही वाढ चौदा टक्क्यांच्या आसपास आहे. या दोहोंच्या मध्ये धान्याधारित 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा प्रकार निर्माण करण्यात आला. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किरकोळ किंमत देशीसाठी ८० रुपये, नव्या प्रकारासाठी १४८, विदेशी मद्यासाठी २०५ आणि उच्च प्रतीच्या विदेशी मद्यासाठी ३६० रुपये ठरली. यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचा अतिरिक्त महसूल अपेक्षित धरण्यात आला.

ही चार पायऱ्यांची शिडी आहे. ज्यास २०५ रुपये परवडत नाहीत त्याच्यासाठी १४८ ची सोय आहे, ज्यास तेही परवडत नाहीत त्याच्यासाठी ८० ची आहे. ग्राहक खालच्या पायरीवर उतरेल, परंतु बाजाराबाहेर जाणार नाही, याची काळजी या रचनेत घेतलेली दिसते. मद्यपान रोखण्यासाठी कर लावला असता तर नवा स्वस्त प्रकार निर्माण करण्याचे प्रयोजन राहिले नसते. मद्यातील मद्यार्काच्या प्रमाणाशी शुल्क एकसमान जोडले गेले असते.

उलट दिशेची उदाहरणेही नजीकच्या काळातील आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात केलेल्या स्कॉचवरील शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले गेले. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष उद्योगासाठी २००१ च्या धोरणाने वाइनला शुल्कमाफी दिली आणि पुढे वाइनवरील २० टक्के विक्रीकरापैकी १६ टक्के उत्पादकास परत करण्याची योजना आखली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली होती. तीव्र विरोधामुळे ती अमलात आली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील २०१५ ची दारूबंदी मे २०२१ मध्ये उठविण्यात आली. या निर्णयांची कारणे वेगवेगळी होती, परंतु आरोग्य हे कारण त्यांतील एकाही वेळी निर्णायक ठरले नाही.

मद्य महाग केल्याने सेवन घटते, विशेषतः तरुण व नव्याने पिऊ लागलेल्यांचे घटते, हा जागतिक आरोग्य संघटनेनेही पुरस्कृत केलेला विचार आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु व्यसन जडलेल्या मजुराची मागणी किमतीने फारशी वाकत नाही. तो दारूवरचा खर्च कमी करण्याऐवजी घरातील इतर खर्च कमी करतो. अशा वेळी कर वरकरणी पिणाऱ्यावर असला तरी त्याचा भार पत्नी व मुलांवर पडतो.

एका कुटुंबाचा हिशेब

चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातील एका शेतमजूर कुटुंबाची कल्पना करू. घरात शाळेत जाणारी दोन मुले आहेत. प्रत्येकास वर्षाला बारा वह्या, प्रत्येकी चाळीस रुपयांच्या, लागतात असे धरले तर वह्यांचा खर्च ९६० रुपये होतो. यात १२ टक्के कर समाविष्ट होता असे मानल्यास त्याची रक्कम १०३ रुपयांच्या जवळपास येते. सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाचा लाभ व्यापाऱ्याने पूर्णपणे दिला तरी तो वर्षाला एवढाच आहे. पेन्सिली व खोडरबर धरून त्यात फार तर आणखी काही रुपयांची भर पडेल.

आता याच घरातील कर्ता पुरुष रोज देशी दारूची एक क्वार्टर घेतो असे समजू. ८० रुपये दराने महिन्याचा खर्च २,४०० रुपये आणि वर्षाचा २९,२०० रुपये होतो. २५ अंश अंडरप्रूफ, म्हणजे ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिलिलिटर देशी दारूत ०.१३५ प्रूफ लिटर मद्यार्क असतो. प्रति प्रूफ लिटर २०५ रुपये दराने एका क्वार्टरवरील उत्पादन शुल्क २७ रुपये ६७ पैसे येते. वर्षाचे हे शुल्क दहा हजार रुपयांहून अधिक होते आणि विक्रीकर त्यात धरलेलाच नाही. केवळ जून २०२५ च्या वाढीचा भाग वेगळा काढला तर तो वर्षाला १,२३० रुपयांच्या आसपास आहे.

म्हणजे एकाच वर्षात शासनाने या घरास वह्यांवर शंभर रुपयांची सूट दिली आणि दारूवर बाराशे रुपयांचा नवा भार टाकला. सूट केंद्र-राज्यांच्या परिषदेने दिली व भार राज्याने टाकला, हा भेद प्रशासनास महत्त्वाचा वाटेल. जूनमध्ये शाळा आणि खरिपाची पेरणी एकाच पंधरवड्यात सुरू होतात, तेव्हा वह्या आणायच्या की उधारी फेडायची, हे ठरविणाऱ्या आईस तो भेद उपयोगाचा नाही. जुलै २०२४ पासून महिलांसाठी मासिक १,५०० रुपयांची योजना राज्याने सुरू केली व तिचा वार्षिक खर्च ४६ हजार कोटी रुपये सांगितला गेला. घरातील रोजच्या क्वार्टरचा मासिक खर्च २,४०० रुपये आहे. एका हाताने आईस दिलेली रक्कम आणि दुसऱ्या हाताने बापाकडून घेतलेली रक्कम शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास कल्याणकारी राज्याच्या संकल्पनेची तपासणी करण्यास पुरेसे साहित्य मिळते.

सीमावर्ती जिल्ह्यांचा प्रश्न

खान्देशातील जिल्ह्यांना आणखी एक वास्तव विचारात घ्यावे लागते. रावेर, यावल, चोपडा व शिरपूर हे तालुके मध्य प्रदेशास लागून आहेत. नंदुरबारमधील नवापूरच्या पलीकडे दारूबंदी असलेले गुजरात राज्य आहे. मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांस छेदतात. तीन राज्यांत मद्याविषयी तीन धोरणे असतील तर सीमेवर चौथे धोरण आपोआप तयार होते आणि ते तस्करीचे असते. विदेशी मद्यावरील शुल्क निम्म्याने वाढविताना या दरतफावतीचा ताण सीमावर्ती तालुक्यांवर येतो.

दुसरा धोका हातभट्टीचा आहे. परवानाधारक देशी दारू महाग झाली की मजूर हातभट्टीकडे वळतो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. महसूल वाढविणारा निर्णय मंत्रालयात होतो आणि त्याचे दुष्परिणाम निस्तरण्याची जबाबदारी सातपुड्याच्या पायथ्याच्या पोलीस ठाण्यावर व आरोग्य केंद्रावर पडते.

राखीव उपकराचा पर्याय

मद्यावरील उत्पन्नाचा ठरावीक भाग शाळांसाठी राखून ठेवावा, अशी सूचना अनेकदा केली जाते. वरवर आकर्षक वाटणाऱ्या या सूचनेस दोन आक्षेप आहेत. पहिला आक्षेप अनुभवाचा आहे. राज्यात १९६२ पासून शिक्षण कर आहे व तो जळगाव आणि धुळे महापालिकांच्या मालमत्ता कराच्या देयकांतून वसूल होतो. केंद्राने २००४ मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर आणि २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी एक टक्का उपकर लावला. या दुसऱ्या उपकरापोटी २०१६-१७ पर्यंत ८३ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली, तरी तिच्यासाठी स्वतंत्र निधीच स्थापन झालेला नव्हता, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी निदर्शनास आणले. शिक्षणाच्या नावाने घेतलेला पैसा शिक्षणापर्यंत पोहोचेलच असे नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. शाळेचे वेतन, इमारत वा वह्या दारूच्या उत्पन्नास बांधल्या तर दारूची विक्री घटावी असे म्हणणारा शिक्षकच स्वतःच्या शाळेच्या विरोधात उभा राहील. १९३७ मध्ये ज्या विसंगतीवर बोट ठेवले गेले, तिचीच ही पुनरावृत्ती ठरेल. शिक्षण हा अनुच्छेद २१-अ नुसार मूलभूत हक्क आहे. त्याचा खर्च कोणत्याही एका व्यसनाच्या चढउतारावर अवलंबून ठेवता येणार नाही.

सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. मद्यावरील शुल्काचा हेतू शासनाने अर्थसंकल्पात स्पष्ट करावा. महसुलाच्या आकड्याबरोबर जिल्हानिहाय मद्यविक्रीचे लिटरमधील आकडे विधिमंडळासमोर ठेवावेत. महसूल वाढला व विक्रीही वाढली, तर तो निर्णय आरोग्यासाठी होता असे म्हणता येणार नाही.

२. शुल्क मद्यार्काच्या प्रमाणाशी निगडित असावे. स्वस्त प्रकारांची नवी पायरी निर्माण करून ग्राहक टिकविण्याचे धोरण सोडावे.

३. मद्याच्या अतिरिक्त महसुलातील निश्चित वाटा व्यसनमुक्ती उपचारासाठी राखावा. विक्री घटल्यास उपचाराची गरजही घटते, म्हणून येथे राखीव निधीस वरील आक्षेप लागू होत नाही.

४. पहिली ते आठवीच्या शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांना पाठ्यपुस्तकांबरोबर वह्याही शाळा सुरू होताना मिळाव्यात. करसवलतीचे शंभर रुपये व्यापाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतात, हातात दिलेली वही तशी नसते. पेन व दप्तर यांवरील दराबाबत राज्याने परिषदेत आग्रह धरावा.

५. २००८ च्या आदेशानुसार दारू दुकान बंद करण्यासाठी एकूण महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'स मिळावी लागतात. हंगामी स्थलांतर असलेल्या गावांत ही अट जवळजवळ अशक्य ठरते. प्रत्यक्ष मतदान करणाऱ्यांचे बहुमत ग्राह्य धरावे आणि मतदान स्थलांतराच्या काळात घेऊ नये.

समारोप

करधोरणाचे मूल्यमापन वस्तूंच्या यादीवरून करण्याची सवय आपणास लागली आहे. वही शून्यात आली म्हणून शिक्षणाचा विजय झाला आणि बाटली महागली म्हणून व्यसनाचा पराभव झाला, असे निष्कर्ष त्यातून निघतात. प्रत्यक्षात वहीवरील शून्य हा उशिरा दुरुस्त केलेला अन्याय होता आणि बाटलीवरील वाढ ही रिकाम्या तिजोरीची गरज होती. १९३९ मध्ये शासनाने दारूचे उत्पन्न सोडून नागरिकांकडे कर मागितला, तेव्हा त्या मागणीस नैतिक आधार होता. आज दोन्ही उत्पन्ने चालू आहेत आणि तो आधार उरलेला नाही. तो पुन्हा मिळवावयाचा असेल तर मद्याच्या महसुलात दरवर्षी होणारी वाढ यश म्हणून मांडण्याची प्रथा प्रथम थांबली पाहिजे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत येणारे विद्यार्थी बहुसंख्येने अशाच घरांतून येतात. अर्थशास्त्राच्या वर्गात वस्तू व सेवा कराचे दर शिकविताना त्या घरांचा हा हिशेबही फळ्यावर मांडला गेला, तर विषय अधिक चांगला समजेल आणि प्रश्न विचारणारे नागरिकही तयार होतील.